वारा, वजन आणि मन्मथअप्पा

गिरणीतून ज्वारीचं पीठ घेऊन येत होतो. वाटेत मन्मथअप्पांच्या दारात दोन शब्द बोलायला थांबलो आणि हात मोकळे असावेत म्हणून पिशवी दाराजवळच्या एका आकड्याला अडकवली. आकडा कशाचा आहे हे आधी पाहायची मला सवय नाही. अप्पा बाहेर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी आधी वर बघितलं.

"आठ किलो दोनशे," ते म्हणाले. "सर, एवढ्यात एक अख्खी सायकल येती. चाकासकट."

मी त्यांच्या काट्याला पीठ टांगलं होतं. अप्पा बराच वेळ त्या पिशवीकडे मायेनं पाहत राहिले.

मन्मथअप्पा आमचे शेजारी. लातूरच्या मोंढ्यात त्यांची तूर-सोयाबीनची आडत. सगळं आयुष्य धान्याचे कट्टे तोलण्यात गेलं. गेल्या वर्षी आडत मुलाच्या हाती दिली आणि घरी बसले. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. दुसरा कुणी दुकानात जाऊन सायकल घेऊन आला असता. अप्पांनी दारात काटा टांगला.

त्यांना रोड बाइक घ्यायची होती, ती बारीक चाकांची, वाकलेल्या हँडलची. त्यात तीन जाती असतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एक वारा कापणारी, एक वजनाला हलकी आणि एक कमरेला सुखाची. तिन्ही गुण एकीत मिळत नाहीत, हे अप्पांचं दुखणं. हलकी घ्यावी, तर आपल्याकडं घाट कुठाय. वारा कापणारी घ्यावी, तर ती औसा रोडच्या गतिरोधकावर मणके मोजून घेती. सुखाची घ्यावी, तर समोरून वारा सुटल्यावर ती बैलासारखी उभी राहती.

"मग काय ठरलं?" मी दर आठवड्याला विचारायचो.

"तोलायलो," अप्पा दर आठवड्याला सांगायचे.

तोलणं चौफेर होतं. पाण्याची बाटली, किल्ल्या, कव्हरसकट मोबाइल, कव्हराविना मोबाइल, सगळं काट्यावर जाऊन यायचं. कुणी म्हणालं की आज भाजी छान झालीय, की अप्पा म्हणणार, "काट्यावर बोला." फक्त गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी कधी काट्यावर गेली नाही. एकदा मी आगाऊपणानं विचारलं. "ते वजनात धरायचं न्हाई," एवढंच म्हणाले, आणि मला आतून चहा आला.

वाऱ्याचीही चाचणी झाली. अप्पा स्टुलावर बसून पुढं वाकले. समोर कूलर सुरू. मी उदबत्ती धरून उभा.

"धूर कुठं अडायलाय, सर?"

"पोटापाशी."

"कुणाच्या?"

मी बाजूला सरलो. धूर सरळ निघून गेला.

सहा महिने गेले. अप्पांच्या सुनेनं माझ्या बायकोला हळूच सांगितलं, "काकू, सरांना म्हणा, कसली का असंना, एक सायकल घेऊन द्या. घरात बसून बसून मामा सुकायलेत. काल डब्यातलं मीठ तोललं."

म्हणून एका रविवारी मी अप्पांना गाडीत घालून नांदेडला नेलं. तिथल्या दुकानदारानं तिन्ही जातींच्या सायकली बाहेर काढून ठेवल्या होत्या. अप्पा एकेक घेऊन गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन आले. पहिली आली, मान आडवी हलली. दुसरी आली, मान हलली. तिसरी सुखाची होती. तिच्यावर बसताना म्हणाले, "सर, तुम्ही बी एक घ्या. चला पुलापर्यंत."

मी कॉलेज सोडल्यापासून सायकलवर बसलो नव्हतो. पण दुकानदारासमोर नाही म्हणायची लाज वाटली. मी पुढं, अप्पा मागं. पुलावर नदीचा वारा असा समोरून आला, की माझा शर्ट फुगून घुमट झाला. मी धापा टाकत पोचलो. अप्पा मागून आले ते अगदी शांत, कपाळावर घाम नाही.

परत येऊन त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "ही सुखाचीच बांधा."

मला खरंच वाटेना. पुढचं चाक काढून सायकल मागच्या सीटवर ठेवली आणि निघालो. लोहा मागं पडलं. मग खिडकीकडे बघत अप्पा म्हणाले, "सहा महिने वारा मोजायलो, सर. तुमच्या पाठीमागं वाराच न्हाई."

"देह आहे तसा," मी म्हणालो.

"तसं न्हाई. पुढं माणूस असलं की मागच्याला वारा लागत न्हाई. मोबाइलवर वाचलं हुतं, पण ते तोलात धरलं न्हाई. पुढं कोण हाय आपल्या?"

मी खिडकीची काच वर केली.

"आडतीत सकाळी सातला तीस माणसं असायची. हमाल, शेतकरी, गाडीवाले. अप्पा, हे बघा. अप्पा, ते बघा. आता सातला मी उठून बसतो, आन् बघा म्हणायला कोण न्हाई." अहमदपूर आलं. मग विचारलं, "तुम्ही किती वाजता उठता, सर?"

मी साडेसात म्हणणार होतो. "सहा," म्हणालो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पोराची गिअरची सायकल धूळ खात पडली होती, ती काढतो म्हणालो. उद्यापासून मी पुढं आणि अप्पा मागं, औशाच्या वाटेनं. जरा जोरात मारली तर तासाभरात परत येऊ.

तिनं पीठ मळता मळता ऐकून घेतलं.

"पुढं राहा," ती म्हणाली, "पण हळू चालवा. लवकर परत आणलंत, तर उरलेला दिवस त्यांनी काय करायचं?"