पहिला बरा की दुसरा?

"नुसत्या श्वासावरून ओळखतो!" चष्म्याच्या दुकानातला धाकटा भाऊ काचा घासता घासता दिवसातून एकदा तरी हे म्हणायचाच. "गाणं सुरू व्हायच्या आधी गायक जो श्वास घेतो ना, तेवढा पुरे. पहिला की दुसरा, डोळे मिटून सांगतो!"

त्याच्या लाडक्या हार्ड रॉक बँडला आजवर तीन मुख्य गायक लाभले होते. पहिला भांडून निघून गेला. दुसरा त्याच्या जागी आला आणि चांगली दहा वर्षं टिकला. तिसरा एका अल्बमपुरता येऊन गेला, त्याचं कुणी नावही काढत नसे. धाकटा कट्टर पहिलावाला! सात वर्षांचा असल्यापासून त्याच्यापाशी पहिल्याची एक कॅसेट होती आणि ती सोडून तो दुसरं काही ऐकतच नसे. एकदा कुणाच्या तरी मोबाइलवर त्याच पहिल्याचं गाणं कानावर पडलं, तर हा म्हणाला, "पार वाट लावलीय रेकॉर्डिंगची. जीवच काढून घेतलाय!"

दुकान दोघा भावांचं. मागच्या बाजूला थोरला, म्हणजे दादा, गिऱ्हाइकाचे डोळे तपासणार. पुढच्या मशीनवर धाकटा काचा घासणार. मधल्या काउंटरवर वहिनी फ्रेमी दाखवणार. पंधरा वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका सकाळी दादा चहा पिता पिता सहज बोलून गेला, "खरं सांगू? गळा दुसऱ्याचाच."

झालं! धाकट्याने अबोला धरला. दादाही हट्टाला काही कमी नव्हता, त्यानेही धरला.

आता दादाने नंबर काढायचा आणि धाकट्याने काच घासायची म्हटल्यावर तो नंबर पोचणार कसा? चिठ्ठी लिहिणं म्हणजे बोलल्यासारखंच, यावर मात्र दोघांचं न बोलता एकमत झालं. मग निरोप गिऱ्हाइकाकरवी!

"त्यांना सांगा, उजवा उणे दीड, डावा उणे साडेतीन."

गिऱ्हाईक बिचारं पुटपुटत पंधरा पावलं चालत पुढे यायचं. दोन आठवडे निभावलं. मग आल्या एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. त्या वाटेत वहिनीशी दोन शब्द काय बोलल्या आणि पुढे येईपर्यंत डाव्याचं उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला! नवा चष्मा लावून बाई बाहेर पडल्या आणि रस्त्यावरच्या पत्रपेटीसमोर थांबून म्हणाल्या, "किती बारीक झालीस गं!"

बाई परत आल्या त्या तणतणतच.

"सांग त्याला, काच चुकली," दादा वहिनीला म्हणाला.

"सांगा त्यांना, नंबर चुकला!" धाकटा उसळला. "नाहीतर असं करा म्हणावं, मधोमध फळी घाला! मागचं दुकान त्यांचं, पुढचं माझं!"

त्याला वाटलं होतं, दादा नाही म्हणेल. दादा म्हणाला, "घाला."

दादाशिवाय दुकान म्हणजे काय, याचा धाकट्याने कधी विचारच केला नव्हता. पण आता माघार घ्यायची तर पहिल्या गायकाची इज्जत जाते!

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुतार प्लायवूडची फळी घेऊन हजर झाला. त्याने टेप लावून दुकान मापलं आणि डोकं खाजवलं.

"डोळे तपासायची खुर्ची मागे, आणि अक्षरांचा तक्ता पुढे दाराजवळ. मधे फळी आली की पेशंटला तक्ता दिसणार कसा?"

"फळीला भोक पाडा, मिस्त्री," धाकटा म्हणाला.

"मिस्त्री, त्यांना विचारा," मागून आवाज आला, "भोकातून बघणाऱ्याचा नंबर मी काय डोंबलाचा काढू?"

तेव्हा वहिनी काउंटरमागून उठली. "पुरे झालं! फळी मारायच्या आधी एक चाचणी. एकच गाणं मी तीनदा लावणार. कोण गातंय ते ओळखायचं. जो जास्त चुकेल त्याने आधी बोलायचं आणि फळी परत जाणार. दोघंही बरोबर निघालात तर मिस्त्री, खुशाल मारा खिळे!"

"श्वासावरून सांगतो," धाकटा म्हणाला. "पण पहिल्याचं गाणं माझ्या कॅसेटवरचंही वाजलं पाहिजे!"

वहिनीने नंबर काढायच्या त्या जाडजूड गोल फ्रेमी दोघांच्या नाकावर चढवल्या आणि काचांच्या जागी काळ्या चकत्या बसवल्या. दोघांच्या हातात एकेक कागद दिला. दोन मोठे बाप्ये शेजारी शेजारी स्टुलांवर आंधळ्या कोशिंबिरीला बसल्यासारखे बसले. सुतार कानावर पेन्सिल ठेवून साक्षीदार झाला.

आधी मोबाइलवर पहिला. मग धाकट्याची कॅसेट. शेवटी मोबाइलवर दुसऱ्याचा जुना जाहीर कार्यक्रम. कधी कुणाचं लावलंय ते अर्थात वहिनीने सांगितलं नाही.

वहिनीने कागद घेतले. धाकट्याच्या कागदावर होतं: दुसरा, पहिला, पहिला. दादाच्या कागदावर: पहिला, दुसरा, दुसरा.

"भाऊजी, तुमचं एकच बरोबर, ते कॅसेटचं. यांची दोन बरोबर, कॅसेटचं तेवढं चुकलं."

"शक्यच नाही!" धाकट्याने फ्रेम ओढून काढली. "शेवटचाही पहिलाच होता! तोच श्वास! सुरू व्हायच्या आधी, खर्रर्र असा!"

"तो होय?" सुतार म्हणाला. "तो श्वास नाही हो. समोर बसलेलं कुणीतरी खोकलंय. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तोच खोकला, त्याच जागी. दोन्ही रेकॉर्डिंगं एकच आहेत की!"

वहिनीने दोन्ही पुन्हा लावली. खर्रर्र. खर्रर्र.

"पण कॅसेटवर 'पहिला' लिहिलंय," धाकट्याचा आवाज बारीक झाला. "दादाच्याच अक्षरात!"

दादाने काळ्या चकत्या काढल्याच नव्हत्या. तशाच अवस्थेत तो थेट धाकट्याशी बोलला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

"तुझ्या पहिल्याच्या कॅसेटवर मी चुकून माझं भूगोलाचं पाठांतर भरलं होतं. तू तापाने फणफणलेला आणि सारखा 'पहिला लाव, पहिला लाव' म्हणून रडत होतास. रेडिओवर दुसऱ्याचा कार्यक्रम लागला होता, तोच भरला नि वर 'पहिला' लिहून तुला दिला. तू ऐकत ऐकत झोपलास. मग सांगायचं राहूनच गेलं रे."

"आणि त्या दिवशी म्हणालास, गळा दुसऱ्याचाच?"

"मी तुझ्याच माणसाची बाजू घेत होतो!"

धाकट्याला हसावं की रडावं कळेना. तीस वर्षं तो ज्याच्यासाठी जगाशी भांडला तो दुसराच निघाला, आणि ज्या श्वासावर त्याची मदार होती तो कुठल्याशा अनोळखी माणसाचा खोकला! पण खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी कुठल्याच गायकाचं काही पडलं नव्हतं. त्याने दादाच्या डोळ्यांवरची फ्रेम उतरवली आणि म्हणाला, "दादा, चहा घेणार?"

वहिनीने पदराने डोळे टिपले. सुतार फळी उचलून दाराशी टेकवून चहापुरता थांबला.

चहा आला. दोघं भाऊ एकाच बाकावर बसले. एक घोट झाला, दुसरा झाला. दादाचा जीव अगदी हलका झाला होता. तो पाय पसरून म्हणाला, "आता मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. तसा तो तिसराही काही वाईट नव्हता, बरं का."

धाकट्याने कप हळूच खाली ठेवला.

"मिस्त्री, जरा थांबा हो," तो म्हणाला. "आणि वहिनी, यांना सांगा..."