संपर्कासाठी घरचा नंबर

मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची, म्हणजे आपला कोड जगाला फुकट वापरू देणाऱ्यांची, परिषद भरवायची होती. लेकीने आवाहन लिहिलं, 'व्याख्यानाचे प्रस्ताव पाठवा'. आणि घाईघाईत खाली मोबाइलऐवजी घरचा नंबर टाकून मोकळी झाली. बरेच दिवस गेले, पण एकही प्रस्ताव येईना.

ती कामावर गेली की घरचा फोन खणखणायचा. तो उचलायचे तिचे वडील. उभी हयात एकेकाला पोहायला शिकवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर गप्पांना माणूस मिळत नव्हता.

"परिषदेचा नंबर ना, काका? मी कोड लिहितो. व्याख्यान द्यावंसं वाटतं, पण लोकांसमोर तोंडच उघडत नाही हो."

"आत्ता उघडलंत की. काय बनवलंय, ते सांगा मला."

तो सांगत राहिला. बाबांना ओ की ठो कळत नव्हतं, पण जिथे कळलं नाही तिथे ते निःसंकोच अडवत होते. हळूहळू त्याचं बोलणं सोपं झालं.

"हेच लिहून पाठवा," बाबा म्हणाले. "तुमची निवड झालीच समजा."

त्याने मित्रांना सांगितलं, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. आणि एका सकाळी प्रस्तावांचा पूर आला. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ: 'काकांनी होकार दिलेलाच आहे.'

"बाबा, तुम्ही सगळ्यांनाच हो म्हणालात?"

"किती घाबरलेली होती गं ती माणसं. नाही कसं म्हणायचं?"

लेक डोक्याला हात लावून बसली. आता निम्म्यांना तरी नकार कळवायचा, म्हणून वाचायला घेतलं. एकाने आपल्या चुकीने बंद पडलेल्या प्रोग्रॅमची आणि तो सावरायला धावून आलेल्या अनोळखी माणसांची हकिगत लिहिली होती. एकीने अंध आजोबांसाठी पुस्तक वाचून दाखवणारा प्रोग्रॅम केला होता. सगळं इतकं सरळ लिहिलेलं, की नकार कुणाला द्यायचा तेच तिला कळेना. समितीने आणखी एक सभागृह घेतलं, व्याख्यानं छोटी केली आणि एकमताने ठरवलं, की उद्‌घाटनाचं भाषण काकांनीच करायचं.

ऐकताच बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला नाही जमायचं. चार माणसं समोर दिसली की पाय लटपटतात माझे."

"मग एवढ्या लोकांना धीर कसा दिलात?"

"फोनवर पाय दिसत नाहीत."