सासऱ्यांची अट आणि यतिनची बंदूक

“बाबा, तुम्ही काळजीच सोडा! मी बंदूक घेतोय, बंदूक!”

असं फोनवर सासऱ्यांना छाती पुढे काढून सांगणारा यतिन गद्रे म्हणजे साधं झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारा माणूस. पण करतो काय? सिडनीत हॅरिस पार्कला त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी चोरी झाली. चोरांनी लॅपटॉप नेला आणि अकाउंटिंगची पुस्तकं तेवढी नीट रचून मागे ठेवली. दोन हजार नऊ सालचे ते दिवस. इथे युनिला, म्हणजे विद्यापीठात, शिकायला आलेली आपली मुलं जागोजागी दिसत होती, आणि तिकडे टीव्हीवर त्यांच्यावरच्या हल्ल्यांच्या बातम्या बघून आईबापांच्या तोंडचं पाणी पळत होतं.

त्यात यतिनचे सासरे चंद्रहासराव चिंचवडचे, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्याचा शब्द म्हणजे त्यांच्या मते शिक्का न मारलेलं माप! लग्नाला आठ महिने झाले होते, सुखदाचा व्हिसा आला होता, आणि यांनी अट घातली.

“तुम्ही शिफ्टला जाणार, पोरगी घरात एकटी. घराच्या संरक्षणाची सोय मी स्वतः बघणार. पटली तर ठीक, नाहीतर परतीचं तिकीट काढूनच पाठवतोय तिला!”

झालं! यतिनराव गेले ब्लॅकटाउनला, बंदुकीच्या दुकानात. म्हणाले, सगळ्यात स्वस्तातली दाखवा. सेकंडहँड असली तरी चालेल, एखादा ओरखडाबिरखडा असेल तर आणखी उत्तम. जणू काही मिक्सरच घ्यायला आले होते!

दुकानदार हसून म्हणाला, “नो वरीज, मेट. शेतकरी का?”

“नाही.”

“शिकार करतोस?”

“मी शाकाहारी आहे.”

“क्लबचा मेंबर?”

“लायब्ररीचा आहे.”

“मग बंदूक कशाला?”

“घराच्या संरक्षणाला! चोर आला तर!”

दुकानदाराचं हसू मावळलं. “हे कारण या देशात चालत नाही, मेट. लायसन्सच मिळणार नाही. आणि मिळालं तरी बंदूक लोखंडी कपाटात कुलपात ठेवायची, गोळ्या दुसऱ्या कुलपात.”

“आणि दोन्ही कुलपं उघडेपर्यंत चोराने काय करायचं?”

“चहा कर त्याच्यासाठी,” दुकानदार म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

नुसतं कपाटच यतिनच्या पलंगापेक्षा महाग होतं. परतताना त्याने स्वस्त वस्तूंच्या दुकानातून एक खेळण्यातलं पिस्तूल उचललं. पोपटी प्लॅस्टिकचं! लांबून, अंधुक उजेडात आणि बघणाऱ्याचा चष्मा हरवला असेल तर अगदी खरं वाटावं असं. फक्त त्यात वाजवायच्या टिकल्या नव्हत्या.

त्याने लगेच सुखदाला फोन लावला. फोनकार्ड संपत आलेलं. “सुखदा, येताना टिकल्या आण! भरपूर! लाल बघून आण, आणि इथे कुणाला द्यायच्या नाहीत, सगळ्या आपल्यालाच—”

फोन तुटला.

टिकल्यांमध्ये फटाक्याची दारू असते आणि ती विमानात नेता येत नाही, हे त्या अकाउंटिंगवाल्याच्या डोक्यातच आलं नाही. पण देव मूर्खांची काळजी घेतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

सुखदा आली. घरात पाऊल टाकल्याबरोबर तिने बॅग उघडली आणि यतिनसमोर साठ पाकिटं मांडली. गोल टिकल्या, लांब टिकल्या, चंद्रकोरी, खड्याच्या, चमकीच्या... सगळ्या कपाळाला लावायच्या!

“आठ महिन्यांत पहिल्यांदा तू माझ्यासाठी काहीतरी मागितलंस,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “मैत्रिणींना सांगितलं मी, आमच्या ह्यांना माझी टिकली इतकी आवडते!”

आता या बाईला काय सांगणार, कप्पाळ? यतिनने तोंडातला शब्द गिळला आणि म्हणाला, “चंद्रकोर लाव ना.” तिने लावली. इतकी गोड दिसली की तो पिस्तूल, चोर, सासरे सगळं विसरला.

सासरे मात्र विसरले नव्हते. रविवारी दुपारी, वरच्या मजल्यावरच्या शैलेंद्रचा लॅपटॉप उसना आणून वेबकॅम लावला, तर पडद्यावर पहिला प्रश्न आला, “बंदूक?”

सुखदाने यतिनकडे बघितलं. यतिनने टेबलाखालून पोपटी पिस्तूल काढलं. तिला एका क्षणात सगळा उलगडा झाला. तिने टिकल्यांच्या ढिगाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा चोर परवडला!

“तुला बघून घेते मी नंतर,” ती कुजबुजली. “पण मला परत नाही जायचं हं.”

“चालवून दाखवा,” सासरे म्हणाले. “त्याशिवाय तिकीट रद्द होणार नाही.”

यतिनने खिडकीकडे हात लांब करून नेम धरला. सुखदा कॅमेऱ्याच्या बाहेर सरकली, वाणसामानाची कागदी पिशवी फुगवली आणि दिली फोडून!

फाड्!

सासरे खुर्चीत दचकले. “वा! पण धूर नाही आला?”

“बिनधुराची आहे, बाबा. इथे प्रदूषणाचे नियम फार कडक.”

धुरावरून वाद चालू होता तोच दारावर धडाधड थापा! समोरच्या इमारतीतल्या आजीबाईंनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. पिस्तूल रोखलेला माणूस, शेजारी बायको, आणि मग बार! दारात दोन दांडगे पोलीस.

यतिनने दोन्ही हात वर केले. घाबरून सुखदानेही केले. पोलिसाने पिस्तूल उचललं, उलटंपालटं केलं आणि त्याला हसू फुटलं. “प्लॅस्टिक आहे, मेट! पण हे पुन्हा खिडकीत रोखू नकोस. पुढच्या वेळी आम्ही हसणार नाही.”

पिस्तूल घेऊन ते गेले. यतिन घाम पुसत पडद्याकडे वळला. सासऱ्यांनी सगळं ऐकलं होतं.

“म्हणजे बंदूक खोटी?”

“हो, बाबा,” यतिन मान खाली घालून म्हणाला. “चुकलं माझं.”

“आणि पोलीस?”

“ते खरे.”

“बार झाल्यापासून तीन मिनिटं चाळीस सेकंदांत दारात!” सासरे मनगटावरचं घड्याळ कॅमेऱ्याला लावून ओरडले. “माप चोख! मला आणखी काय पाहिजे? तिकीट रद्द! सुखदा, तू सुखाने राहा तिथे!”

सुखदा टाळ्या पिटायला लागली. यतिनला तर त्या आजीबाईंच्या पाया पडून यावंसं वाटलं. तेवढ्यात सासरे आत वळून बायकोला हाक मारताना दिसले. “अगं, ऐकलंस का? बॅगा काढ! अशा सुरक्षित घरात आपण दोघंही जाऊन राहू. सहा महिने!”

एका खोलीच्या त्या फ्लॅटच्या खिडकीकडे यतिन धावला. खाली पोलिसांची गाडी अजून उभी होती. हाक मारून त्यांना परत वर बोलवावं असं त्याला फार वाटलं. पण सासरे राहायला येणं हा ऑस्ट्रेलियात गुन्हा नाही!