आईच्या डोक्यावरची भेग

आईच्या खोलीच्या छताला भेग पडली आणि घराची झोप उडाली. दुसऱ्या घरात अशा वेळी मिस्त्रीला बोलावतात, तो मान हलवतो आणि विषय संपतो. इथे नवरा-बायको दोघंही इमारतींची मजबुती तपासणारे इंजिनिअर, तेही एकाच ऑफिसात, समोरासमोरच्या टेबलांवर. विषय संपायची सोयच नव्हती.

आधी तो स्टुलावर चढला, मग ती. दोघांनी एकाच टॉर्चच्या उजेडात, एकाच भिंगातून भेग पाहिली. उतरल्यावर तो म्हणाला, नुसता गिलावा सुटलाय. ती म्हणाली, बीम खचतोय, आईंना आजच्या आज बाहेरच्या खोलीत हलवायला हवं.

आईला आपली खोली सोडायची नव्हती. तिथे दुपारची डुलकी छान लागायची आणि म्हातारीचं मागणं तेवढंच होतं.

मग धंद्यातल्या रीतीप्रमाणे दोघांनी भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. भेग हलली तर काच तडकणार आणि वाद मिटणार, यावर दोघांचं एकमत होतं. दुसऱ्याच दिवशी काच तडकली.

"बघ," ती म्हणाली, "बीम हलला."

"गच्ची दिवसभर तापते, रात्री गार होते," तो म्हणाला. "काच तडकली नसती, तरच मला काळजी वाटली असती."

झालं. तिने आईचा चाकांचा पलंग बाहेर ढकलला, त्याने आत आणला. ती कामाला लागली की पलंग आत, त्याची पाठ वळली की पलंग बाहेर. आई उशी काखेत मारून मागोमाग फिरत होती.

रविवारी दुपारी पलंग आत होता, आईचा डोळा लागला होता, म्हणजे तो जिंकला होता. तरी त्याला चैन पडेना. पेपर उघडला, मिटला, उगाच पाणी प्यायला. हिची अक्कल माझ्याइतकीच, खरं तर परीक्षेत मार्क हिलाच जास्त. भेग तीच, काच तीच. मग मीच बरोबर कशावरून? आणि चुकलो, तर खाली आई आहे. तो मुकाट्याने उठला आणि झोपलेल्या आईसकट पलंग दाराकडे ढकलू लागला.

अर्धा पलंग दाराबाहेर आला आणि थांबला. पलीकडून बायको तो आत रेटत होती.

"अगं, सोड. तुझंच पटलंय मला. आईला बाहेर नेतोय."

"कशाला? मला तुझं पटलंय," ती म्हणाली. "सकाळपासून तोच विचार करतेय. तू काही माझ्यापेक्षा कमी हुशार नाहीस. गच्ची तापतेच की. गिलावाच असणार."

"गिलाव्याने एका दिवसात काच तडकत नाही," तो चिडून म्हणाला.

"काळजी काच न तडकल्याची करायची असते," तीही चिडली.

दोघांनी जोर लावला. पलंग तिरका झाला आणि चौकटीत घट्ट रुतून बसला. मग तो सोडवायचा कसा, यावरून नव्याने जुंपली. आता आत ओढला तर माघार त्याची, बाहेर ओढला तर तिची.

आई उठून बसली. उशी उचलून ती पलंगावरून बाहेरच्या खोलीत उतरली आणि चपला घालू लागली.

"कुठे निघालात, आई?"

"शेजारी, झोपायला."

"त्यांच्या छताची भेग आपल्यापेक्षा मोठी आहे," दोघं एकदमच म्हणाली.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "पण तिच्याखाली इंजिनिअर राहत नाहीत."