तुटल्या मॅगझिनाची मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. मुक्काम स्टेट कॉलेज, प्रांत पेनसिल्व्हेनिया. येथील मराठी मंडळाचे समस्त कार्यकारिणीने सेवक यतीन चिटणीस यास आज्ञा केली की, राजश्री अवधूतराव चौबळ यांजवर ऐन शिकारीचे तोंडावर जो बाका प्रसंग गुदरला, आणि त्यांतून ते ज्या रीतीने निभावले, त्याचे साद्यंत वर्तमान मंडळाचे पत्रिकेकरितां दोन पानांत लिहोन द्यावे. ऐसियास, दोन पानांत मोहीम मावत नाही हे कार्यकारिणीस कोणी सांगावे? आणि सेवक जन्माचा शाकाहारी, दिवाळींत लवंगी वाजली तरी कानांत बोटे घालणारा. परंतु नाही म्हणावे तर पुढील वर्षी स्नेहसंमेलनाच्या खुर्च्याही आम्हीच मांडणार. म्हणोन जे ऐकिले ते, आणि जे कोणी सांगितले नाही तेही, लिहितो.

अवधूतराव चौबळ हे यंत्रविद्येचे पंडित, पस्तीस वर्षे पंपांच्या कारखान्यांत चाकरी करोन निवृत्त जाहलेले. यांचे शेजारी मर्लसाहेब, उमर चौऱ्यांशी, या मुलखाचे जुने वतनदार. उत्तरेच्या डोंगरांत मर्लसाहेबांच्या तीर्थरूपांनी बांधिलेली लाकडी छावणी आहे, आणि दर साल थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीनंतरचे शनिवारी हरणाच्या शिकारीचा सरकारी हंगाम खुला होतो, तेव्हां साहेबांची फौज तेथे उतरते. फौज म्हणजे पूर्वी अकरा असामी होत्या. काळाने एकेक नेला आणि उरले ते मर्लसाहेब आणि आमचे अवधूतराव.

त्या छावणीचा कायदा मोठा कडक. जो कोणी हरणावर बार काढील आणि चुकेल, त्याच्या सदऱ्याचा मागला घोळ कातरीने कापावा, त्यावर नाव आणि साल घालावे, आणि चिंधी भिंतीस खिळोन टाकावी. जो हरीण पाडील त्याचे नाव वरल्या तुळईवर चाकूने कोरावे. अवधूतराव गेली दोन वर्षे गेले आणि दोन्ही वर्षे चुकले. पहिले साली चार गोळ्या झाडिल्या, त्या चारही झाडांस लागल्या. दुसरे साली चार झाडिल्या, त्यांतील एक मर्लसाहेबांच्या कॉफीच्या थर्मासास लागली. येणेप्रमाणे भिंतीवर दोन चिंध्या लटकल्या, आणि त्यांवर नाव घातले ते 'ऑडी', कारण अवधूत हे नाव मर्लसाहेबांच्या जिभेवर कधी बसलेच नाही. घरी पत्नी मीनाक्षीबाईंस सांगण्यांत आले की सदरे काट्यांनी फाटले. काटे इतके सरळ रेषेत फाडीत नाहीत हे बाईंस कळत होते.

आता यंदाचे साल निराळे. मर्लसाहेब सोमवारी फ्लोरिडा प्रांती कन्येकडे कायमचे राहावयास निघणार, आणि छावणी भाच्याचे ताब्यांत जाणार. भाचा शिकार करीत नाही. परंतु भिंती आणि तुळया जैशा आहेत तैशा राखीन, ऐसे त्याने मामास वचन दिले होते. म्हणजे दोन्ही चिंध्या राहणार! तुळईवर नाव चढले तर याच शनिवारी चढेल, नाहीतर या भूमीवर अवधूतरावांची निशाणी म्हणोन सदऱ्याचे दोन तुकडे उरतील, या विचाराने त्यांची झोप उडाली.

तेव्हां मोहिमेच्या आधील भानुवासरी, म्हणजे रविवारी, त्यांच्या मनांत आले की, यंदा दसऱ्यास पाहुण्यांच्या गर्दीत शस्त्रपूजा राहिली, ती उरकोन घ्यावी. बंदुकीस मीनाक्षीबाई 'सवत' म्हणत. तरीही त्यांनी पाट मांडिला, झेंडू मिळेना म्हणोन शेवंती आणिली, आणि हुकूम सोडिला की देवापुढे भरलेली बंदूक चालणार नाही, काडतुसे कपाटांत जावीत आणि मॅगझिन काढोन वेगळे ताटांत ठेवावे. मॅगझिन म्हणजे काय, हे आमच्या मंडळास ठाऊक नसल्यानेच पुढील अनर्थ जाहला, म्हणोन येथेच खुलासा करितो: चार काडतुसे पोटांत घेवोन बंदुकीस खालून जडते ती कचकड्याची लहानशी पेटी.

गावांतील एकुलत्या एक देशी दुकानांतून नारळ आणिला होता, तो मोठा हट्टी निघाला. अवधूतरावांनी पहिला घाव मागील दाराच्या पायरीवर घातला, नारळ ढिम्म. दुसरा घातला, पायरीचा टवका उडाला. मग तिसरे वेळी गणपतीचे नाव घेवोन हात उगारिला, आणि नारळ हातांतून निसटोन थेट पूजेच्या ताटांत, मॅगझिनावर जावोन आदळला. नारळ फुटला आणि मॅगझिनही फुटले. पाणी मात्र गोड निघाले.

मग धावाधाव काय वर्णावी! अवधूतरावांनी आधी आपली विद्या चालविली आणि जालीम गोंदाने पेटी सांधू लागले. पेटी सांधली नाही, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मात्र सांधली, ती मीनाक्षीबाईंनी खोबरेल चोळोन सोडविली. दुसरे दिवशी खासा स्वारी तीन दुकानांवर चालोन गेली. पहिल्या दुकानाने जबाब दिला की, हंगामाचे आठवड्यांत या जिन्नसाची फळी मोकळी असते, आपण उन्हाळ्यांत यावयाचे होते. दुसऱ्याने एक पेटी दिली, ती याच बंदुकीच्या धाकट्या भावंडाची निघाली आणि काही केल्या बसेना. तिसऱ्याने मागवोन देण्याचे कबूल केले, परंतु माल येणार शिकारीनंतरचे मंगळवारी. मंगळवारी अवधूतराव पेटी घेवोन काय करणार, तिला पुनः पूजेत मांडणार?

अशा निकराचे वेळी माणसास आपली माणसे आठवतात. अवधूतरावांनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अर्जी टाकिली, तिची नक्कल दफ्तरी आहे: "फ्रेंड्स, अर्जंट! मॅगझिन तुटलंय. शनिवारच्या आत हवंय. कुणाकडे एक्स्ट्रा असेल तर प्लीज कळवा. जुनं चालेल." इतकेच लिहिले, बंदुकीचा उल्लेख राहिला, कारण ज्याचे त्याला सारे ठाऊकच असते.

लागलीच जबाब येवो लागले. कुणी एकाने पुसले, "यार, कुठलं हवंय? विनोदी की सिरियस?" अवधूतराव समजले की हा थट्टा करितो. दुसरीने पुसले, "रेसिपीवालं चालेल का?" हेही ते थट्टाच समजले आणि नुकत्याच सुटलेल्या अंगठ्याने अंगठ्याचे चिन्ह पाठविले. इतक्यांत वसुधाकाकूंचा निरोप उमटला. काकू म्हणजे उमर अठ्ठ्याहत्तर, निवृत्त डॉक्टर, मंडळाच्या वाचनालयाच्या सर्वाधिकारी. चौबळांची कन्या आन्या हिला याच काकूंनी या जगांत आणिले, त्यामुळे त्यांच्यापुढे अवधूतरावांची मान वर होत नाही. काकूंनी लिहिले, "अवधूत, वाचून फार बरं वाटलं रे. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मागितलंस. बुधवारी घेऊन येते." अवधूतरावांनी अनुमान बांधिले की, काकूंचे रोगी साऱ्या डोंगरांत पसरलेले, कोणी शिकारी उपकार स्मरोन देत असेल. आणि त्या रात्री ते स्वस्थ निजले.

बुधवारी काकूंची गाडी दारांत आली आणि तींतून तीन खोकी उतरली. उघडोन पाहतात तो आंत एकेचाळीस दिवाळी अंक! कथांचे, हास्यचित्रांचे, राशिभविष्याचे, आणि अंगठा दाखविल्याप्रमाणे पाककृतींचेही. ज्यांची शिवण तुटली होती ते काकूंनी वेगळे बांधिले होते, कारण तुटलेल्याचे दुःख त्या जाणत होत्या. आन्या सुटीस घरी आलेली, तिने सारा प्रकार ओळखिला आणि कानांत कुजबुजली, "डॅड, जस्ट टेल हर!" अवधूतरावांच्या ओठांशी खरे आले. परंतु काकूंच्या मुखावर ऐसा आनंद होता की, ते खरे त्यांनी गिळिले. काकूंनी तीनशे वीस पानांचा एक दांडगा अंक निवडोन त्यांच्या हातीं दिला आणि फर्माविले, "हा तरी बरोबर ने. आणि परत आणायचा हं, रजिस्टरमध्ये लिहिलाय. तेवीस नंबर."

मग शुक्रवारी कूच जाहले. सरंजाम येणेप्रमाणे: सरकारी फर्मानाप्रमाणे नारिंगी अंगरखा एक, मॅगझिनाविना बंदूक एक, मीनाक्षीबाईंनी दिलेला चिवडा मोठा पुडा एक, दिवाळी अंक एक. सायंकाळी छावणी गाठिली. आता कबुली देवोन मुकाट परतावे, ऐसा मनसुबा करोन अवधूतरावांनी बंदूक मर्लसाहेबांपुढे ठेविली आणि नारळाचे सारे वर्तमान निवेदिले. नारळ कशास फोडितात हे साहेबांस समजावितांना अर्धा तास गेला. मग साहेबांनी बंदूक घेतली, तिचा खटका मागे ओढिला, खिशांतून त्याच मापाचे एक काडतूस काढोन हातानेच आंत सारिले आणि खटका लाविला. बंदूक भरली! मग काडतूस परत काढोन टेबलावर ठेविले आणि सांगितले की, आपण साठ वर्षे एकच गोळी घेवोन जातो. चार जवळ असल्या म्हणजे माणूस पहिली नीट मारीत नाही. वर म्हणाले, "वन इज प्लेंटी, ऑडी."

म्हणजे पांच दिवसांची धावाधाव, तीन दुकाने, जालीम गोंद, एकेचाळीस अंक, हे सारे फुकट! ही तोड बंदुकीसोबत आलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापिली होती, आणि ती पुस्तिका चौबळांच्या खणांत कोऱ्या घडीची पडोन होती. हेच अवधूतराव आम्हांस मंडळाचा प्रोजेक्टर लावतांना आधी मॅन्युअल वाचा म्हणोन दटावितात.

मार्गशीर्ष शुद्ध नवमी, मंदवासर, म्हणजे तोच शनिवार. तांबडे फुटण्याआधी अवधूतराव मचाणावर चढले, हातीं एक गोळी. थंडी अशी की मिशीस बर्फ. मागील दोन्ही वर्षे या वेळी ते चिवडा काढीत, आणि पुड्याचा आवाज ऐकोन हरणे काढता पाय घेत. हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. यंदा बसल्या बसल्या काकूंची आठवण जाहली, म्हणोन अंक काढिला, आणि अळूच्या फदफद्याच्या पाककृतीत ऐसे गुंग जाहले की चिवड्याचे भान राहिले नाही. रानही गप्प आणि अवधूतरावही गप्प, हा योग त्या डोंगराने प्रथमच पाहिला.

सात वाजोन चाळीस मिनिटांस ऐंशी पावलांवर आठ फाट्यांच्या शिंगांचा नर उभा राहिला. अवधूतरावांनी बंदूक उचलिली तो हात लटपटो लागले. छातीत ऐसे धडधडू लागले की चिंधी क्रमांक तीन डोळ्यांपुढे दिसो लागली. तेव्हां त्यांनी काय केले? मांडीवरचा अंक हळूच मचाणाच्या कठड्यावर ठेविला आणि त्यावर बंदुकीची नळी टेकिली. तीनशे वीस पानांचा अंक, उशीसारखा मऊ आणि दगडासारखा स्थिर. नळी जी निश्चल जाहली ती हललीच नाही. मग श्वास रोखोन बार काढिला. धूर विरला आणि पाहतात तो नर जागीच आडवा.

मर्लसाहेब काठी टेकीत आले. त्यांनी आधी हरीण पाहिले, मग मचाणावरील अंक पाहिला, मग पुसले की हे काय आहे. अवधूतरावांनी उत्तर केले, "मॅगझिन." साहेब इतके हसले की त्यांस खाली बसवावे लागले, आणि हसतां हसतां डोळे पुसो लागले, ते हसणे थांबल्यावरही पुसतच राहिले. त्या छावणीतले ते शेवटचे हरीण, आणि हे त्या दोघांसही ठाऊक होते.

सायंकाळी साहेबांनी चाकू काढिला आणि प्रथमच पुसले की तुझे खरे नाव कैसे लिहितात, तुझ्या अक्षरांत. अवधूतरावांनी अंकाच्या कोपऱ्यावर लिहोन दाखविले. साहेबांनी बापाच्या नावाशेजारी उरलेली जागा निवडिली, आणि दोन तास घेवोन ती चार अक्षरे कोरिली. दोन्ही चिंध्या भिंतीवरोन उतरवोन परत दिल्या. निघतांना अंक मागोन घेतला. वाचता येत नाही तर काय करणार, ऐसे पुसतां साहेबांनी सांगितले की, फ्लोरिडांत हरणे नाहीत, कांही तरी जवळ असावे.

अवधूतराव घरी आले आणि चिंध्या मीनाक्षीबाईंपुढे ठेविल्या. बाई आंत गेल्या आणि कपाटांतून दोन बिनघोळाचे सदरे घेवोन आल्या. दोन वर्षे जपोन ठेविले होते. मग सुई-दोरा काढिला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तुळईचे चित्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोंचतांच पहिला जबाब वसुधाकाकूंचा आला: "अभिनंदन रे! पण 'धू' दीर्घ हवा." मर्लसाहेबांनी ऱ्हस्व कोरिला होता. लाकडांत दुरुस्ती होत नाही, सबब माफी देण्यांत आली. मग अवधूतराव खासा जावोन काकूंस अंकाची खरी हकीकत आरंभापासोन कबूल करोन आले. काकूंनी शेवटपर्यंत ऐकोन घेतले, वाचनालयाचे रजिस्टर उघडिले, तेवीस नंबरापुढील 'परत' हा रकाना खोडिला, आणि आपल्या डॉक्टरी अक्षरांत जे लिहिले तेंच येथे उतरोन बखर पुरी करितो: "मोहिमेत कामी आला."