मुराळी हवालदार

आमच्या नागावात एक गृहस्थ असे होते की, ते तुमच्या ओटीवर येत आपल्या मर्जीने, पण जात तुमच्या हुकुमाने. यायचे, चहा प्यायचे, सुपारीच्या भावाबद्दल कुरकुरायचे आणि एकदम उभे राहून टाचा जुळवून म्हणायचे, "मास्तर, रजा." आपण "मंजूर" म्हटलं की निघाले. नाही म्हटलं तर पुन्हा बसले.

मी गावच्या शाळेवर नवीनच बदलून आलो होतो तेव्हा मला ही भानगड ठाऊक नव्हती. हे हवालदार उठले, "रजा" म्हणाले. मी वह्या तपासत होतो, मान वर केली नाही. दिवेलागणीला आमच्या मंडळींनी आतून विचारलं, "पाहुण्यांचा भात टाकायचा का?" बघतो तर हा माणूस खांबाला टेकून बसलेला. मी म्हटलं, "अहो, जायचं नाही का तुम्हाला?"

"कवाचं जायचं हाय," हवालदार म्हणाले, "पर तुम्ही मंजूर कुठं केली?"

अशा माणसावर रागावणार तरी कसं?

त्यांचं नाव बाबाजी, पण त्या नावाने हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं. मोठ्या लढाईत ते इराकात बसऱ्याच्या बाजूला खेचरांच्या पलटणीत होते. तिथून दंडावर तीन फिती, चहाची सवय आणि 'कायदा म्हंजे कायदा' हे वाक्य घेऊन आले. लढाईबद्दल विचारलं की फक्त खेचरांबद्दल सांगत. कोणतं खेचर लाथ मारी, कोणतं पाणी बघून पळे. शत्रू दिसला होता का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "खेचरांकडं मागनं बघावं लागतं मास्तर, पुढं कोन हाय ते बघाय सवड न्हाय."

घरात ते आणि त्यांची नात मथू, दोघंच. मथू त्यांच्या एकुलत्या लेकीची मुलगी. ती लेक मथूच्या बाळंतपणात गेली तेव्हा हवालदार बसऱ्यालाच होते. जावयाने दुसरं लग्न केलं. हवालदार परत आले तेव्हा बायकोच्या कडेवर ही पोर होती, आणि पुढं चार वर्षांत बायकोही गेली. तेव्हापासून पोरीचं न्हाणं, जेवण, वेणी सगळं हवालदारांकडे. वेणीची तर बोलायची सोय नव्हती. खेचरं बांधायची गाठ त्यांना येत होती, तीच ते घालत. ती वेणी घालून मथू शाळेत आली की तिच्या भुवया कपाळावर चढलेल्या असत आणि मी काही न शिकवताच पोर चकित दिसे. आमच्या मंडळींनी एकदा ती सोडायला घेतली, अर्धा तास गेला.

पोरीला ताप आला तरी हवालदार आधी शाळेत अर्ज घेऊन येत, मग वैद्याकडे जात. बरं, त्यांना सहीपुरतंच लिहिता येई, म्हणजे अर्ज लिहायचा मीच, वाचायचा मीच आणि मंजूरही मीच करायचा. "अहो, तोंडी सांगितलंत तरी चालेल," असं मी कपाळ बडवून सांगितलं. छे.

मथू सोळाची झाली आणि खाडीपलीकडच्या तळा गावचं स्थळ आलं. भाताची शेती, मुलगा फायनल पास, घरात एकटी सासू, विधवा पण खमकी. लग्न झालं. पाठवणीला अख्खी आळी रडत होती, हवालदार मात्र ताठ उभे. फक्त विहीणबाईंच्या हातात त्यांनी एक कागद दिला, तोही माझ्याच हातचा. 'मुलीस कारलें चालत नाहीं. मुलगी झोंपेंत पांघरूण टाकते. मुलीस विजेचें भय आहे, जवळ बसावें.' अशी एकोणीस कलमं होती. विसाव्या कलमाला मी हात टेकले.

आता आमच्याकडची रीत अशी की, सासरी गेलेल्या मुलीला सणाला आणायला माहेरचा कोणीतरी मुराळी म्हणून जातो. बहुतेक भाऊच. मथूला भाऊ नव्हता, तेव्हा आजोबा निघाले. पहिली नागपंचमी होती. रेवदंड्याला तरीतून खाडी ओलांडायची आणि पुढं डोंगरातून दीड दिवस चालायचं. वयाची साठी जवळ आलेली. तरी धुतलेला कोट घालून, पदकं लावून, खिशात 'मेहेरबान विहीणबाई यांसी' असा रजेचा अर्ज घेऊन गेले.

चौथ्या दिवशी एकटेच परत.

"काय झालं?"

"नामंजूर. भाताची बेणणी चाललीय, तण काढाय मानूस न्हाय म्हनाल्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? सलाम केला नि फिरलो."

दिवाळीला पुन्हा गेले. भाताची झोडणी होती, नामंजूर. शिमग्याला गेले. पापड व्हायचे होते, नामंजूर. तिन्ही वेळा सलाम ठोकून परत. तिसऱ्या वेळी आमच्या मंडळींचा संयम सुटला. त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही का? मुराळ्याला पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं. लगेच हो म्हटलं तर सून जड झालीय असं लोक म्हणतील. मग मुराळ्यानं बसून राहायचं, विनवायचं, जेवणार नाही म्हणायचं, जरा भांडायचं. दुसऱ्या दिवशी देतातच."

"वैनी, न्हाय म्हंजे न्हाय. हुकूम हाय तो."

"हुकूम कसला डोंबलाचा! मान असतो तो."

हवालदारांना ते काही पटलं नाही. मला हसू येत होतं, हे कबूल करतो. हा किस्सा मी चार ठिकाणी रंगवून सांगितलाही.

मग चैत्रात तळ्याकडचा एक गाडीवान पेंढा घेऊन आला आणि विहीणबाईंचा निरोप आळीत सगळ्यांसमोर सांगून गेला. निरोप असा: 'तुमचा म्हातारा येतो, घोटभर पाणी पीत न्हाय, सलाम करतो नि पळतो. पोरीवर माया नसंल तर तसं सांगा, आम्ही तिला माहेर मेलं असं समजावू. पोर प्रत्येक खेपेला गाठोडं बांधून दाराआड उभी ऱ्हाते नि ह्याची पाठ बघून दोन दिस जेवत न्हाय.'

हवालदार माझ्या ओटीवर येऊन बसले. मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"मास्तर, बसऱ्याला मला कागद आला व्हता. लेकीचे दिवस भरत आलेत, तब्येत बरी न्हाय, ती सारकी बाबा बाबा करते. मी सायबाकडं गेलो. सायेब न्हाय म्हनला. सलाम केला नि फिरलो. माझ्याच कंपनीत साताऱ्याकडचा एक गडी व्हता. त्यालाबी न्हाय म्हनले. तो सायबाच्या तंबूम्होरं आडवा पडला. दोन दिस जेवला न्हाय, लाथा खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी त्याला जहाजात घातला. मी त्याला हसलो व्हतो. कायदा कळत न्हाय म्हनलो. मला फीत मिळाली तवा लेकीला जाऊन महिना झाला व्हता. मला ठावंच न्हाय."

चार ठिकाणी किस्सा सांगितल्याची मला तेव्हा लाज वाटली.

"मला हट्ट करता येत न्हाय मास्तर. पाय आपसूक फिरतात."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तळ्याला गेले. कोट घातला नाही, अर्जही लिहून नेला नाही. पुढचं मला मथूच्या नवऱ्याने सांगितलं, तो तिला घ्यायला नंतर आला तेव्हा.

हवालदार उन्हातून आले आणि तसेच पायरीवर बसले. विहीणबाईंनी रीतीप्रमाणे सांगितलं, "वालाची काढणी ऱ्हायलीय, आता पोर न्हाय मिळायची." म्हातारा उठला, टाचा जुळवल्या, वळला, आणि बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत गेला. मथू दाराआडून बघत होती. बेड्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला. मग परत आला, डोक्यावरचं पागोटं काढून उंबऱ्यावर ठेवलं आणि तिथंच मातीत आडवा झाला.

विहीणबाई घाबरल्या. कितीही खमक्या असल्या तरी पदक मिळालेला म्हातारा आपल्या अंगणात लोळतोय म्हणजे काय? "न्या बाबा, आत्ता न्या," असं त्या तेव्हाच म्हणाल्या. मथू गाठोडं घेऊन बाहेर आली, आजोबांच्या उशाशी बसली, हात धरला.

"पण मास्तर, ते ऐकेचनात," मथूचा नवरा सांगत होता. "आम्ही सगळे उठा उठा म्हणतोय, ही समोर बसलीय, आणि ते डोळे मिटून एकच बोलतायत. माझ्या लेकीला बगू द्या, सायेब, एकदा बगू द्या. आईनं शेवटी सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, बोलू द्या त्यांना."