आदर्श बालवर्गात मुलांना प्रवेश नाही

माणसाच्या आयुष्याचा पाया पहिल्या सहा वर्षांत घातला जातो. पुढे त्या पायावर काय उभं राहतं, ते ज्याचं त्याचं नशीब. पण पाया सरकारी जबाबदारीत येतो. म्हणूनच आमचा 'शालापूर्व शिक्षण अनुदान कक्ष' स्थापन झाला. कक्ष चौथ्या मजल्यावर आहे. (लिफ्ट तिसऱ्यापर्यंत जाते. उरलेला मजला जो पायांनी चढतो त्यालाच बालशिक्षणाची खरी तळमळ, असं धोरण आहे. त्यामुळे अर्जांची पहिली छाननी जिन्यावरच उरकते.) मी या कक्षात सहायक आहे आणि निवृत्तीला टेकलो आहे. खोटं बोलून आता मला कुठली बढती मिळायची आहे?

बालवाड्यांना अनुदान देणं हे आमचं काम. जागा, छत, पाणी, खेळणी, शिक्षिका आणि 'इतर' अशा सहा बाबींसाठी ते मिळतं, निदान मिळू शकतं. त्यातली सर्वांत मोठी तरतूद 'इतर' या बाबीत आहे. मुलांच्या गरजा आपण आधीच ठरवून टाकणं हा मुलांवर अन्याय आहे, असं आमचे साहेब म्हणतात. साहेब मोठ्या मनाचे आहेत. गेल्या वर्षी एकाही बालवाडीला अनुदान गेलं नाही, तेव्हा त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

आता त्या बाईंचं सांगतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत त्यांची बालवाडी होती. पूर्वी तिथे जुन्या टायरांचं गोदाम होतं. रबराचा वास पुरता गेला नव्हता, पण भिंतीवर सगळीकडे मुलांच्या रंगीत पंजांचे ठसे होते. बाईंचा आवाज बारा महिने बसलेला असायचा. माझा नातू त्यांच्याकडेच जायचा. सुनेने त्याला मला न विचारता घातलं होतं. (विचारलं असतं तर मी माहितीपत्रक दिलं असतं.) तो घरी यायचा तो बोलतच यायचा आणि झोपेत शिरतानाही त्याचं वाक्य अर्धं राहिलेलं असायचं.

घोडं अडलं होतं छतापाशी. खिडकीकडचा कोपरा खाली झुकला होता. बाईंनी त्याच्या बेताने जमिनीवर खडूने एक रेघ मारली होती आणि तिच्यापलीकडे कुणी जायचं नाही, असं मुलांना सांगितलं होतं. कोपरा आणखी झुकला की बाई जुनी रेघ पुसून नवी आत मारायच्या. मुलं तेवढीच राहिली, जागा मात्र कमी होत गेली. बाईंनी छतासाठी अर्ज केला, चौथा मजला चढून आल्या आणि धाप लागलेली असतानाच माझ्यापाशी बोलल्या.

"भाऊसाहेब, रेघ आता फळ्यापाशी आलीय. ती भिंतीला टेकली की मला बालवाडी बंद करावी लागेल."

मी त्यांना बसायला सांगितलं. खुर्ची नव्हती, पण सांगितलं.

मग साहेब आणि मी तपासणीला गेलो. हवा, उजेड, स्वच्छता, पाणी, सगळ्यांत बाई पास झाल्या. शेवटची बाब होती शिस्त. साहेब दारात उभे राहिले आणि जे वाक्य ऐकून आपण सगळे लहानाचे मोठे झालो, ते त्यांनी मुलांना ऐकवलं. हाताची घडी, तोंडावर बोट. मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. कळलं नसेल म्हणून साहेबांनी स्वतः घडी घालून, बोट ओठांवर ठेवून दाखवलं. तेव्हा वेणी घातलेली एक मुलगी पुढे आली आणि तिने विचारलं, "कशाला?" दुसऱ्याने काळजीने विचारलं, की काकांचं तोंड दुखतंय का. माझा नातू म्हणाला की हे माझ्या आजोबांचे साहेब आहेत, ते घरी कुणाला आवडत नाहीत.

बाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. त्या म्हणाल्या, की हे मी शिकवतच नाही. मुलं बोलली तरच त्यांना काय कळलं ते मला कळतं. साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द लिहिले, 'मुले बोलतात', आणि त्यांच्याखाली रेघ मारली.

दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने अर्ज तिथेच फेटाळला असता. साहेब तसे नाहीत. परत येताना ते गाडीत म्हणाले, की लहान मुलांबद्दल आपल्यालाच काही माहीत नाही. उंटावरून शेळ्या हाकण्यात अर्थ नाही. आधी अभ्यास, मग छत. आणि त्यांनी 'इतर' या बाबीतून आमच्या चौथ्या मजल्यावरच एक आदर्श बालवर्ग उभा केला.

काय वर्ग होता महाराजा! चिमुकल्या खुर्च्या, चिमुकली टेबलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धुवायचं बेसिन, पांढरीशुभ्र मऊ सतरंजी आणि नवं कोरं छत. (जुनं काढून. ते गळत नव्हतं, पण मुलांसाठीच्या खोलीला जुनं छत बरं दिसत नाही.) मुलांना मात्र तिथे प्रवेश नव्हता. जिना उंच होता आणि सतरंजी पांढरी. शिवाय, मुलं आली की वर्ग वापरलेला होतो, आणि वापरलेली वस्तू आदर्श कशी राहील? मग अभ्यासासाठी आम्ही अधिकारी-कर्मचारीच त्या खुर्च्यांवर बसू लागलो, गुडघे कानाशी घेऊन.

प्रगती थक्क करणारी होती. 'दुपारची झोप' हे उद्दिष्ट पहिल्याच दिवशी शंभर टक्के साध्य झालं. 'खाऊ' त्याखालोखाल. उभ्या हयातीत कुणाला टाचणी न दिलेल्या लेखापालांनी निळा खडू शेजाऱ्याला दिला. (परत मागितला, पण दिला.) शिकवायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून साहेबांनी बाईंनाच बोलावलं, मानद म्हणून. बाई आठवड्यातून दोन दिवस यायच्या. तेवढा वेळ आपली मुलं त्या माझ्या सुनेवर सोपवायच्या. त्यांना वाटायचं, मुलांना काय लागतं ते ह्यांना एकदा कळलं की छत होईल. जीव तोडून शिकवायच्या. एकदा त्यांनी सगळ्यांना 'माझं घर' काढायला सांगितलं. साहेबांनी छान घर काढलं. दार, खिडक्या, कुंडीत फूल. बाई त्यांच्या टेबलापाशी वाकून म्हणाल्या, "छत राहिलं, साहेब."

साहेब म्हणाले, "ते पुढच्या तासाला." आणि तेवढ्यात झोपेची वेळ झाली.

घरी सून रोज विचारायची, "बाबा, छताचं काय झालं?" प्रक्रिया चालू आहे, असं मी सांगायचो. मग ती माझं ताट जरा आवाज करून ठेवायची. मला भीती वाटायची, कबूल करतो. नातवाला सोडायला गेलो की मी आधी वर बघायचो आणि मग खाली, रेघ कुठवर आली ते.

छत पडलं ते सुट्टीच्या दिवशी. आत कुणी नव्हतं. बाईंनी देवाचे आभार मानले, कक्षाने सुट्टीचे. त्यानंतर त्यांच्या अर्जाचा तातडीने, सहानुभूतीने विचार झाला. अडचण एकच होती. अनुदान छताच्या दुरुस्तीचं होतं आणि दुरुस्तीला आधी छत लागतं. नवं छत नव्या इमारतीला मिळतं, ही इमारत जुनी. आणि जिला छतच नाही ती नियमाने इमारत नव्हे, मैदान. मैदानं क्रीडा विभागाकडे येतात. तो विभाग तळमजल्यावर आहे, म्हणजे बाईंचे जिने वाचले, हे साहेबांनी आवर्जून दाखवून दिलं.

सुनेचं डोकं फिरलं. तिने गल्लीतले सगळे पालक गोळा केले आणि एका सकाळी तो अख्खा जमाव चौथा मजला चढून वर आला, मुलांसकट. रिक्षावाला, नर्स, किराणा दुकानदार, एक वकील, दोन शिंपी. पांढऱ्या सतरंजीवर चपलांचे ठसे उठले. आदर्श बालवर्गाला छत आहे, ते आम्हाला द्या, असं सून बोलणार होती. तिने आरशासमोर तयारी केली होती, मी ऐकली होती. बोलणं चांगलं होतं. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या.

साहेब आले. त्यांनी दोनदा टाळी वाजवली आणि म्हणाले, "हाताची घडी, तोंडावर बोट."

आणि काय सांगू! खोली एकदम चिडीचूप झाली. रिक्षावाला, नर्स, वकील, सगळ्यांची बोटं अचूक जागी. सुनेच्या एका हातात नातवाचा हात होता, म्हणून घडी अर्धीच झाली, पण बोट बरोबर ओठांवर होतं. माझंही होतं. मला तर कुणी सांगितलंही नव्हतं. साहेबांचे डोळे भरून आले. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात पाया."

बडबड चालू होती ती फक्त मुलांची. एक जण सतरंजीवर लोळत होता. वेणीवाली मुलगी वकिलाचा कोट ओढून विचारत होती, "बाबा, तुम्ही सगळे बोलणार होता ना?" वकिलाला उत्तर देता येईना, बोट मध्ये होतं.

बाईंचे हात तेवढे खाली होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "ही माझी नाहीत, साहेब. माझी ती, बोलणारी." मग त्यांनी मुलांना गोळा केलं आणि जिना उतरून गेल्या. इतिवृत्तात नोंद झाली, 'पालकांचा आक्षेप नाही.'

बालवाडी बंद झाली. नातू आता दुसऱ्या शाळेत जातो. पक्की इमारत आहे, फाटकावर पहारेकरी आहे. काल तो घरी आला तेव्हा मी विचारलं, काय रे, काय शिकलास आज? त्याने हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. सून उठून आत निघून गेली. मला फार वाईट वाटलं. तो रकाना आमच्या नमुन्यात नाही, म्हणून इथे सांगतो.

असो. आता कामाचं. 'इतर' या बाबीत अजून तरतूद शिल्लक आहे आणि तिच्यातून पायाभरणी करणाऱ्या शिक्षिकांचा सत्कार करायचं साहेबांनी ठरवलं आहे. वाचकहो, तुम्ही हे सगळं पहिल्यापासून इथपर्यंत शांत बसून ऐकलंत. एकदाही 'कशाला?' म्हणून विचारलं नाहीत. तुम्हाला लहानपणी ज्या कोणी बाई होत्या, त्यांचं नाव कक्षाला कळवा. सत्कार चौथ्या मजल्यावर आहे.